न दिसणारं सूत बघायला फरीदाबादला

दिल्लीहून परत आल्यावर गल्लीत जो तो विचारत होता, "काय काय बघितलंस?" लाल किल्ला, कुतुबमिनार, निदान संसद भवन तरी, अशी त्यांची अपेक्षा. मी म्हटलं, "सूत बघितलं." शेजारच्या शकुताई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला चहा बशीत आला. हसणारच. मी राहते इचलकरंजीत. घराच्या तिन्ही बाजूंना माग खडखडतात. वस्त्रोद्योगाच्या कॉलेजात सूत कसं कातायचं आणि कसं गुंडाळायचं हेच मी आयुष्यभर शिकवत आले. अशी बाई दिवाळीची सुट्टी खर्चून सूत बघायला दिल्लीपर्यंत जाते म्हणजे काय! पण मी जे पाहिलं ते आपल्याकडे कुणी पाहिलेलं नाही, म्हणून जमेल तसं लिहिते.

बोलावणं अपर्णाचं होतं. आम्ही दोघी मुंबईला शिकायला एका खोलीत राहिलो. मी सुताकडे वळले, ती रसायनाकडे. लग्न होऊन ती दिल्लीकडे गेली ती तिकडचीच झाली. नवरा मिलिंद गुडगावच्या एका परदेशी कंपनीत, आणि ही फरीदाबादला एका प्लास्टिकच्या कंपनीच्या प्रयोगशाळेची प्रमुख. दिवाळीच्या आधी तिचा फोन आला.

"वसू, मला विजेनं धागा काढता येतो. पण तो रांगेत बसत नाही गं. तू ये."

"विजेनं म्हणजे? वीज तर आमच्या मागालाही लागते."

"तसं नाही. मशीन नाही ओढत. वीजच ओढते. तू ये, मग बघ."

भडंगाचा मोठा डबा, खर्डा आणि तिच्या मुलीसाठी एक परकर-पोलकं घेऊन मी निघाले.

गुडगाव

स्टेशनवरून गाडीने गुडगावला पोचेपर्यंत दुपार झाली. मी आधी एकदाच, कॉलेजात असताना, दिल्लीला आले होते. तेव्हा गुडगाव हे गावच होतं म्हणतात. आता मोहरीच्या शेताच्या मधोमध काचेचे मनोरे उभे आहेत. मनोऱ्याच्या आत शिरलं की संगमरवर, कारंजं, लिफ्टमध्ये आरसा. बाहेर पडलं की मातीचा रस्ता, पाण्याचा टँकर आणि त्याच्या गळतीत लोळणारी डुकरं. अपर्णाचं घर अकराव्या मजल्यावर. खिडकीतून जिकडे बघावं तिकडे क्रेन. मिलिंद म्हणाला, "वसुधा, तुम्ही पुढच्या वर्षी याल ना, तेव्हा हा व्ह्यू नसेल. समोर मॉल येतोय." हे तो तक्रारीच्या सुरात सांगतोय की कौतुकाच्या, ते मला कळलं नाही. त्यालाही कळत नसावं.

त्यांची मुलगी ईशा दहा वर्षांची. तिने मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "वसूमावशी, तुम्ही फ्रेश होऊन जा, मग आपण खाना खाऊ." अपर्णा स्वयंपाकघरातून ओरडली, "होऊन जा नाही, व्हा! आणि जेवू!" ईशा म्हणाली, "अच्छा, तेच." भडंग मात्र तिला फार आवडलं. "ही भेळ सुखी आहे," असा शेरा देऊन तिने डबा आपल्या खोलीत नेला.

जेवताना अपर्णाने काम समजावलं. माणसाच्या हाताची नस कापली, ज्ञानतंतूची नस, आणि मधला तुकडा गेला, तर दोन टोकं पुन्हा जोडायची कशी? डॉक्टर माणसाच्याच पायातून एक कमी महत्त्वाची नस काढतात आणि तिथे बसवतात. हात थोडाफार सुधारतो, पण पायाचा तेवढा भाग कायमचा बधिर. त्याऐवजी बारीक नळी बसवता आली तर? नळीच्या आत लांबीच्या दिशेने अगदी बारीक तंतू असले, तर वाढणारी नस त्यांचा आधार धरून पलीकडच्या टोकापर्यंत जाते. आणि नळी टाक्यांच्या दोऱ्यासारखी हळूहळू शरीरात विरून जाते.

"हे तू शोधलंस?"

"छे! जगात बरेच लोक मागे लागलेत. पण इथे बनवायला काय हरकत आहे?"

दिल्लीच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या हाताच्या सर्जन, डॉ. चावला, तिची नळी उंदरांवर वापरून बघायला तयार होत्या. जेवढे तंतू कसेबसे रांगेत आले तेवढ्यांच्याच नळ्या करून दोनदा अपर्णाने नमुने नेले. दोन्ही वेळा टाका घालताना नळी फाटली. आता पुढच्या गुरुवारी तिसरी खेप होती. कंपनीच्या नव्या परदेशी भागीदारांना या कामात फारसा रस नव्हता. या खेपेला जमलं नाही तर या कामाची खोली पॅकिंग विभागाला द्यायची, असं वरून सांगून झालं होतं. हे सगळं सांगताना ती शांतपणे मला आणखी वरण वाढत होती. पण त्या वरणात तिने मीठ दोनदा घातलं होतं, त्यावरून मी काय ते ओळखलं.

फरीदाबादचा रस्ता

गुडगावहून फरीदाबादला जाणारा रस्ता अरवलीच्या टेकड्यांतून जातो. मला वाटलं होतं दिल्लीच्या आसपास सगळं सपाट. तर इथे लालसर दगड, काटेरी बाभळी, आणि डोंगराच्या पोटात खाणींनी पाडलेली निळ्या पाण्याची तळी. एका वळणावर मोर रस्ता ओलांडत होता. मागे ट्रकांची रांग लागली तरी तो आपला सावकाश. अपर्णा रोज या रस्त्याने गाडी चालवत जाते. म्हणाली, "घर आणि ऑफिसच्या मधे एवढं जंगल मिळतं म्हणून तर मी टिकले."

फरीदाबादला उतरल्यावर मात्र मी घरी आल्यासारखी झाले. पत्र्याच्या शेड, तेलाचा वास, पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा धपाधप आवाज, जेवणाच्या डब्यांच्या सायकली. आमच्याकडे कानडी, तेलुगू ऐकू येतं, इथे भोजपुरी, मैथिली, बंगाली. गुडगावपेक्षा मला हे शहर केव्हाही जवळचं. सगळीकडे एक गोडसर, जड वास भरून राहिला होता. मी विचारलं, तर तो सातविणीच्या फुलांचा. आपल्याकडे सातवीण डोंगरात असते, इथे रस्त्याच्या कडेला रांगेने लावलीय.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. मधोमध काचेसारख्या प्लास्टिकची मोठी पेटी. पेटीत एका बाजूला आडवी ठेवलेली इंजेक्शनची सिरिंज, समोर हातभर अंतरावर धातूचा गोल ढोल. सिरिंजमध्ये मधासारखं दाट द्रावण. अपर्णाने खोलीतले दिवे घालवले, पेटीच्या मागे काळा कागद लावला, बाजूने एक दिवा सोडला, आणि बटण फिरवलं.

सुईच्या टोकाशी एक थेंब आला. नेहमीसारखा गोल. मग वीज वाढली तसा तो पुढे ओढला जाऊन निमुळता झाला. आणि त्याच्या टोकातून काहीतरी सुटलं. पहिलं बोटभर अंतर सरळ रेघ, आणि पुढे नुसता धूर. पण तो धूर नव्हता. तो धागा होता, इतका बारीक आणि इतक्या वेगाने चाबकासारखा वळवळणारा की डोळ्याला त्याचा फक्त शंकू दिसत होता. ढोलावर थोड्या वेळाने पांढरट साय धरली.

आम्ही कापूस पिंजतो, पेळू करतो, ओढतो, पीळ देतो, तेव्हा कुठे सूत होतं. त्यासाठी केवढी यंत्रं, केवढा आवाज! आणि इथे काही फिरत नाही, कुणी ओढत नाही. थेंबातून आपलं आपण सूत निघतंय. केसाच्या शंभराव्या हिश्शाहून बारीक.

"काय म्हणतेस?" अपर्णाने विचारलं.

"आवाज नाही गं याला," मी म्हटलं.

सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर दुखणं कळलं. सगळं सूत गुंतवळासारखं पडलेलं. ढोल सावकाश फिरत होता, आणि धागा त्याच्यापेक्षा कितीतरी वेगाने येत होता. गुंडाळणारा धाग्यापेक्षा मंद असला की सूत ढिलं पडतं, वेटोळी घालतं, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. मी म्हटलं, "ढोल पळव." मोटर बदलून वेग बराच वाढवला, सुई मागेपुढे सरकवायची सोय केली, आणि संध्याकाळपर्यंत पडद्यावर रांगा दिसायला लागल्या. नांगरलेल्या शेतासारख्या. अपर्णाने मला मिठी मारली. तिथल्या दोन तरुण सहकारी मुलींनी टाळ्या वाजवल्या.

फाटकापाशी चहाला थांबलो. तिथले चौकीदार रामेश्वरजी, समस्तीपूरकडचे. त्यांनी ग्लास डाव्या हाताने दिला. उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. शेजारच्या एका शेडमध्ये ते पूर्वी प्रेसवर होते. पत्रा मनगटात घुसला, आणि आपल्या गाडीत घालून त्यांना डॉ. चावलांकडे कोणी नेलं, तर अपर्णाने. ती योगायोगाने फाटकातून बाहेर पडत होती. डॉ. चावलांची आणि तिची ओळख तिथलीच. त्या रात्री सर्जनबाईंनी हात धुता धुता तिला म्हटलं होतं, तुम्ही प्लास्टिकवाले, आम्हाला एक नळी का नाही करून देत?

"हाथ तो काफी ठीक है," रामेश्वरजी म्हणाले. "पांव से नस निकाली थी, तो ये किनारा सो गया. चप्पल निकल जाती है, पता नहीं चलता. पीछे से लोग आवाज़ देते हैं, भैया, चप्पल!" आणि ते हसले. आम्हीही हसलो.

ओली माती

दुसऱ्या दिवशी सगळं बिघडलं. तीच सिरिंज, तेच द्रावण, तोच वेग, पण ढोलावर काही जमेना. धूर निघत होता, पण तो पेटीत भरकटत होता. अपर्णा बटणांशी झटत होती. मी जरा नीट बघावं म्हणून पेटीच्या फटीपाशी वाकले. चेहऱ्याला कसल्यातरी गुदगुल्या झाल्या. हाताने पुसलं तर आणखी. एक मुलगी किंचाळली, "मॅडम, आपके बाल!"

आरशात बघितलं तर माझ्या भुवया, केस, ओढणी, सगळ्यावर कोळिष्टकं. अपर्णाचं सूत ढोल सोडून माझ्याकडे येत होतं. तिने घाईने वीज बंद केली, मला दूर ओढलं, आणि मी धड आहे हे बघितल्यावर खुर्चीत बसून पोट धरून हसली. "वसू, तू ढोलापेक्षा बरी वाटलीस त्याला!"

हसणं ओसरल्यावर तिने कारण सांगितलं. वीजभारलेला धागा जमिनीला जोडलेल्या वस्तूकडे धाव घेतो. ढोल जमिनीला जोडलेला असायला हवा. तो नसला तर धागा दुसरं काहीतरी शोधतो, मग ती पाहुणी का असेना. तार तपासली, तर घट्ट. जोड तपासले, ठीक. शेवटी आम्ही दोघी शेडच्या मागे गेलो. तिथे जमिनीत अर्थिंगचा खड्डा असतो, त्यात पुरलेल्या पट्टीला ती तार जाते. वरचं झाकण काढून अपर्णाने आत काठी खुपसली. खट्ट आवाज. माती वाळून भेगाळली होती. पाऊस जाऊन किती दिवस झाले होते, आणि इकडची हवा अशी की रात्री वाळत घातलेला टॉवेल सकाळी पापडासारखा कडक.

"मातीच कोरडी झालीय गं," ती म्हणाली. "कोरडी माती वीज घेत नाही."

त्या दिवशी फाटकाबाहेरून कुणी बघितलं असतं तर त्याला दिसलं असतं की एक डॉक्टरेट झालेल्या बाई आणि एक वस्त्रोद्योगाच्या प्राध्यापिका ओढण्या कमरेला खोचून बादल्यांनी एका खड्ड्याला पाणी पाजताहेत. त्यात जाडं मीठही टाकलं. आमच्याकडे श्रावणात वारुळाला दूध घालतात, त्याची मला आठवण झाली. तासाभराने वीज सोडली. धागा मुकाट्याने ढोलावर जाऊन बसला.

दुपारच्या जेवणाला त्या मुलींपैकी एकीने मुळ्याचे पराठे आणले होते, वर घरच्या लोण्याचा गोळा. आम्ही भाकरीवर लोणी घेतो ते चवीपुरतं. इथे लोणी हीच भाजी. मी खर्ड्याची बाटली उघडली. त्या मुलीने बोटावर घेऊन चाटला, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाली, "और दीजिए."

अस्तर

ढोलावरची साय चांगली रांगेत आली, पण तिची नळी करायची तर आधी ती सोलून काढावी लागते. मग सायकलच्या आऱ्याएवढ्या सळईवर ती अशी गुंडाळायची की तंतू सळईच्या लांबीने जातील. आणि सोलायला गेलं की ती फाटायची. केळीचं पान शिरेशिरेने फाटतं, तशी. आडवा धागाच नाही, तर धरणार कोण? गुरुवारी लक्ष्मीपूजनाची सुट्टी झाली, आणि शुक्रवार या फाटण्यातच गेला. डॉ. चावलांचा टाकासुद्धा याच कारणाने निसटत होता, हे आता कळलं. त्यांची सुई दोन तंतूंच्या मधून वाट काढत सरळ टोकापर्यंत चिरत जात होती.

शनिवारी अपर्णाने प्रयोगशाळेत जायचं नाही असं ठरवलं. कारण रविवारी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात मराठी मंडळींचं दिवाळी संमेलन होतं, आणि ईशाचा त्यात नाच होता. नाचाचा ड्रेस जाळीच्या कापडाचा. घालून बघितल्यावर ती कुरकुरली, "आई, हे चुभतं."

"टोचतं," अपर्णा म्हणाली.

"टोचतं पण आणि चुभतं पण!"

शिवायला वेळ कुणाला? मीच बाल्कनीत मशीन घेऊन बसले. मलमलीचा एक जुना तुकडा घेतला आणि जाळीला आतून लावत गेले. समोर क्रेन फिरत होत्या, ऊन छान पडलं होतं. जाळी हातात धरली की ताणली जात होती, कोपऱ्यात उसवत होती. मलमल लागल्यावर तीच जाळी गुमान बसली. मी मशीनचं चाक फिरवायची थांबले.

"अपर्णा!"

ती हातात झारा घेऊन आली. "काय गं, सुई लागली?"

"अस्तर लाव."

"लावतेयस ना?"

"याला नाही गं, तुझ्या सायीला! आधी ढोल जोरात फिरव, रांगेचा थर होऊ दे. मग ढोल मंद कर. सूत पुन्हा गुंतवळासारखं पडेल ना? पडू दे. तेच अस्तर. गुंतवळाला कुठूनही ओढलं तरी तो चिरत नाही. रांगेचा थर नळीच्या आत, गुंतवळ बाहेर. टाका त्याच्यात अडकेल."

अपर्णा झारा घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी आपण जे चुकीचं म्हणून फेकलं, ते."

"तेच."

आत कढईतून जळका वास आला, तरी ती हलली नाही. मिलिंदने गॅस बंद केला. त्या दिवशी आम्ही करपलेले बटाटे अत्यंत आनंदाने खाल्ले. नंतर तिने परदेशातले शोधनिबंध चाळले, तर अशा दुहेरी थराचा विचार आणखी कुणीकुणी केलेला होता. मला जरा हिरमुसल्यासारखं झालं. ती म्हणाली, "अगं, म्हणजे बरोबर आहे!" असंही बघता येतं.

रविवारी ईशा तिच्या ड्रेसात मजेत नाचली. कार्यक्रमानंतर जेवण. थालीपीठ, पिठलं, मटकीची उसळ, आणि ताकासाठी रांग. माझ्याच टेबलावर दिल्लीत जन्म गेलेले एक आजोबा होते, सरकारी खात्यातून निवृत्त. मी इचलकरंजीची म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "तिकडे अजून 'काय करालाय' म्हणतात का हो?" मी म्हटलं, "म्हणतात की. मीही म्हणते." ते म्हणाले, "मग म्हणा ना एकदा." मी म्हटलं, "आजोबा, काय करालायसा?" त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. त्यांची आई कोल्हापूरची होती.

छठ

सोमवार-मंगळवारी अस्तराची साय केली. ती सोलली, आणि फाटली नाही. पहिल्यांदा सायीचा अख्खा रुमाल हातात आला तेव्हा त्याचं वजनच लागेना. मी श्वास सोडला तर तो उडाला, आणि आम्ही दोघी त्याच्या मागे धावलो. मग सळईवर गुंडाळणं, कडा चिकटवणं. सुरुवातीच्या नळ्या वाकड्या झाल्या. एक तर अपर्णाने बोटात धरल्याबरोबर चपटी झाली. अस्तर वाढवलं.

बुधवारी छठपूजा. निम्मं फरीदाबाद बंद. प्रेस थांबलेले, सहकारी मुली सुट्टीवर, आणि रस्त्याने डोक्यावर फळांच्या टोपल्या घेतलेले पुरुष, मागून नाकापासून भांगापर्यंत शेंदूर लावलेल्या बायका, सगळे कालव्याकडे निघालेले. आम्ही दोघीच शेडमध्ये राहिलो. इतक्या शांततेत काम करायची मला सवय नाही. अपर्णा ढोल बघत होती, मी गुंडाळत होते. आम्ही मुंबईच्या खोलीतल्या गोष्टी काढल्या. कुणाचं काय झालं, कोण कुठे आहे, कोण राहिलं नाही. दुपार उतरेपर्यंत पेटीत कापसावर सात-आठ चांगल्या नळ्या निजल्या होत्या. निघताना कालव्यावरून गेलो. पाण्यात कमरेइतकं उभं राहून लोक मावळत्या सूर्याला अर्घ्य देत होते. आपल्याकडे उगवत्याला नमस्कार करतात, जाणाऱ्याला कुणी विचारत नाही. मी गाडीतून उतरून थोडा वेळ उभी राहिले.

दिल्ली

गुरुवारी रुग्णालय. डॉ. चावला पन्नाशीच्या, ठेंगण्या, केस बारीक कापलेले. बोलणं तोडून. त्यांनी नळी मिठाच्या पाण्यात भिजवली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि केसाहून बारीक दोऱ्याची सुई उचलली. बाजूच्या पडद्यावर सगळं दिसत होतं. अपर्णाने माझं मनगट धरलं होतं, आणि तिची नखं मला रुतत होती.

सुई आत गेली. बाहेर आली. डॉक्टरांनी दोरा ओढला. नळीची कड ताणली गेली, थोडी आत आली आणि थांबली. त्यांनी आणखी ओढलं. थांबलेलीच. गाठ मारली. मग दुसरा टाका, मग तिसरा. आम्हाला वाटलं झालं. पण त्यांनी टाका घातलेलं टोक चिमट्यात पकडलं आणि सरळ जोरात खेचलं. दोरा तुटला. नळी तशीच.

"अच्छा," त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदाच आमच्याकडे वळल्या. "ये क्या किया आपने?"

मीच म्हटलं, "अस्तर लगाया."

त्या खळखळून हसल्या. "अस्तर! बिल्कुल. मेरी माँ कहती थी, बिना अस्तर का सूट सूट नहीं होता." मग लगेच कामाचा आवाज. एक नळी वाकवल्यावर मुडपते, भिंत जरा जाड करा. टोकं काटकोनात कापा. निर्जंतुक करून आणखी द्या. उंदरांवर सुरुवात करते, पण माणसापर्यंत पोचायला वर्षं लागतील, आणि कदाचित पोचणारही नाही, हे लक्षात ठेवा.

"हो," अपर्णा मराठीतच म्हणाली. त्यांना ते कळलं.

बाहेर पडल्यावर आम्ही रुग्णालयाच्या भिंतीला लागून असलेल्या गाडीवर रताळ्याची चाट खाल्ली. निखाऱ्यावर भाजलेली रताळी, वर लिंबू, मसाला, कमरख नावाच्या ताऱ्याच्या आकाराच्या आंबट फळाच्या चकत्या. आपल्याकडे रताळं म्हणजे उपासाचं, बिचारं. इथे ते चांगलं झणझणीत असतं. अपर्णाने दोन द्रोण खाल्ले आणि तिसरा घेताना रडायला लागली. गाडीवाला घाबरून म्हणाला, "मिर्च ज़्यादा हो गई, बहनजी?" मी म्हटलं, "नहीं भैया, ठीक है. आप और बनाइए."

इचलकरंजी

हे लिहायला घेऊन बरेच दिवस झाले. मधे कॉलेज सुरू झालं, परीक्षा आल्या, उन्हाळा लागला, आणि लिहिणं मागे पडलं. अपर्णाची खोली पॅकिंगला गेली नाही, एवढं तिने कळवलं होतं. बाकी फोनवर ती उंदरांबद्दल बोलायचं टाळत असे, आणि मीही विचारत नसे.

काल दुपारी मी कॉलेजात गुंडाळणी यंत्रांच्या हॉलमध्ये मुलांना घेऊन उभी होते. फोन वाजला. आवाजात काही ऐकू येईना, म्हणून बाहेर व्हरांड्यात आले.

"वसू, उंदराला हलकेच वर उचललं ना, की तो मागच्या पायाची बोटं पसरतो. पंख्यासारखी. ती नस कापलेली असली की नाही पसरत, सगळी एकमेकांना चिकटून राहतात."

"बरं?"

"आज पसरली."

"सगळ्यांनी?"

"नाही गं. काहींनी. डॉ. चावलांनी मला बोलावून दाखवलं. एकाने तर इतकी पसरली की त्या म्हणाल्या, देखो, नमस्ते कर रहा है."

आत यंत्रं चालू होती. एक मुलगी दारातून डोकावून विचारत होती, "मॅडम, धागा तुटला, काय करू?" मी तिला हाताने थांब अशी खूण केली, आणि अपर्णाला म्हटलं, "परत सांग. पहिल्यापासून सांग."